पंक्चर सायकलीला, खाडा हजेरीला

सायकलच्या पंक्चरवर वर्तमानपत्रात कुणी लिहिते का, असे तुम्ही म्हणाल. समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि तेव्हापासून त्यावर मोटारींचे टायर कसे फुटतात यावर रकानेच्या रकाने छापून आले. त्या रस्त्यावर सायकलीला मज्जाव आहे. सायकल जाते ती शिवाराच्या कच्च्या-पक्क्या रस्त्याने, आणि तिचा टायर बसला तर त्याची बातमी होत नाही. कुणाची तरी हजेरी तेवढी बुडते.

वाचकहो, मोटारसायकली घरोघरी झाल्या, तरी सायकल खेड्यातून गेलेली नाही. कर्त्या माणसाने गाडी घेतली आणि सायकल घरातल्या दुसऱ्याच्या वाट्याला आली. आज ती आठवी-नववीतल्या मुलीकडे आहे, डेअरीवर दूध घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे आहे, दुसऱ्याच्या मळ्यावर जाणाऱ्या सालगड्याकडे आहे, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात रोजाने जाणाऱ्याकडे आहे. म्हणजे एका दिवसाचा खाडा ज्यांना सर्वांत जड जातो, तीच माणसे सायकलीवर आहेत.

मुलींचेच घ्या. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ मागास तालुके आहेत. तिथल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ साली ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. योजना चांगली आहे, तिच्यामुळे अनेक मुली दहावीच्या पुढे गेल्या हे कुणीही कबूल करील. पण अनुदान सायकलीपुरते. पंप कुठला, सोल्युशन कुठले आणि वाटेत हवा गेली तर पोरीने काय करायचे, याचा विचार त्यात नाही.

पाच किलोमीटर सायकलीवर वीस-पंचवीस मिनिटांचे. तीच सायकल ढकलत न्यायची तर तासाच्या वर. सकाळी निम्म्या वाटेत टायर बसला की मुलगी शाळेकडे जात नाही, घराकडे वळते. घरी सायकल भिंतीला टेकते. वडील कामावर गेलेले असतात, ते दिवस मावळल्यावर येतात. "उद्या बघू" होते. उद्या बाजारचा दिवस नसतो. असे करत एका काट्यापायी आठवडा जातो, आणि आठवड्याने घरातले कुणी तरी म्हणतेच, "एवढ्या लांब जायचं म्हंजे कटकटच हाय." शाळा सुटायला नेहमी मोठे कारण लागतेच असे नाही.

फाट्यावरचा मिस्त्री कुठे गेला?

पूर्वी प्रत्येक फाट्यावर एक टपरी असे. लिंबाच्या फांदीला जुना टायर लटकवलेला, खाली पाण्याचे घमेले, ठोकायला लोखंडी ठोकळा आणि कळकट हातांचा मिस्त्री. तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत पंक्चर निघालेले असायचे. टपऱ्या आजही आहेत, पण तिथे आता कॉम्प्रेसर आहे आणि गिऱ्हाईक मोटारसायकलीचे आहे. ट्यूबलेस टायरमध्ये चिकट दोरी खुपसली की पाच मिनिटांत काम फत्ते. सायकलीचे पंक्चर म्हणजे टायर उघडा, ट्यूब काढा, घासा, चिकटवा. अर्धा तास मोडतो आणि पैसे त्याहून कमी. मग तो सांगतो, "ठिवून जा, सांजच्याला बघू." त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही पोट आहे. परंतु त्याची विद्या आता घराघरात यायला पाहिजे, कारण फाट्यावर ती राहील याचा भरवसा उरलेला नाही.

आणि ही विद्या काही अवघड नाही. भाकरी थापायला जेवढे हस्तकौशल्य लागते, त्याच्या पावपटीत पंक्चर निघते.

काटा कुठला आणि कधीचा

पंक्चर नशिबाने होते असे समजू नका. त्याला हंगाम असतो आणि जागा असते.

दिवाळीनंतर सराटे वाळतात. औषधाला ज्याला गोखरू म्हणतात तेच हे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला भुईसरपट पसरलेली, बारीक पिवळ्या फुलांची ही वेल कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तिचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा काटेरी. कसाही पडो, एखादा काटा वर राहतोच. शेळ्या-मेंढ्यांच्या खुरात जातो, अनवाणी पायात जातो, तसा सायकलीच्या टायरात जातो. म्हणून या दिवसांत सायकल रस्त्याच्या अगदी कडेच्या गवतात घालू नका, झाडाखाली टेकवतानाही खाली बघा. मागून ट्रक आला तर मात्र खाली उतरायलाच पाहिजे. मग उतरल्यावर थांबा, चाक फिरवून टायरावरून जुन्या चपलेचा तळ घासा. सराटा वरवर रुतलेला असतो, लगेच निघतो. पुढे चालवलात की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक तो आत जातो.

दुसरा काटा बाभळीचा. सुगी झाली, मळ्याला कुपाटी करायची वेळ आली की बाभळीच्या फेसाट्या रस्त्यानेच ओढत नेतात. ओढणारा निघून जातो, काटे मागे राहतात. वेड्या बाभळीचा काटा तर टायरात शिरून वरून मोडतो आणि बाहेरून हाताला काही लागत नाही. शेतकरी बांधवांना एक विनंती करावीशी वाटते. फेसाटी बैलगाडीत किंवा ट्रॉलीत टाकून न्या. ओढूनच न्यायची असेल तर मागे एक माणूस झाडणीला ठेवा. आपल्याच गावची पोर उद्या सकाळी त्या वाटेने जाणार आहे.

ऊसतोडीच्या दिवसांत अंबड-घनसावंगीकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांचे खिळे, तारांचे तुकडे पडतात. जालन्याच्या कारखान्यांत भट्टीसाठी भंगार येते, त्या वाटेवर सांडलेला पत्रा आणि चुरा पाहायला मिळतो. फुटलेल्या ट्रक-टायरातून निघालेली केसासारखी पोलादी तार तर फार वाईट. ती दिसत नाही, आणि एकाच टायरात तिच्यामुळे तीन-तीन वेळा पंक्चर होते. पावसाळ्यात काच आणि गारगोटीचा धोका वाढतो, कारण ओले रबर कोरड्यापेक्षा लवकर कापले जाते.

मागचेच चाक जास्त वेळा का बसते, हे कधी लक्षात आले का? एक तर वजन मागे असते. दुसरे म्हणजे आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाने उडतो, उभा होतो आणि मागच्यात घुसतो. तेव्हा घरात एक नवा आणि एक झिजलेला टायर असेल तर नवा मागे चढवावा.

इतके सांगून झाल्यावर खरे कारण सांगतो. निम्म्या वेळा काट्यापेक्षा हवाच दोषी असते. हवा कमी असली की दगडाच्या धारेवर किंवा खड्ड्याच्या काठावर चाक आदळताच ट्यूब रिम आणि दगडाच्या कात्रीत सापडते. मग तिच्यावर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा दिसतात. अशा जोडचिरा दिसल्या तर टायरात काटा शोधत बसू नका, पंप शोधा. टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, पण मापायला घरी काटा नसतो. तेव्हा अंगठ्याने दाबा. मागचा टायर अंगठ्याच्या जोराने जेमतेम दबला पाहिजे. सायकलीवर बसल्यावर टायरचा तळ थोडासाच फुगावा, पसरू नये. दर आठ दिवसांनी हवा बघावी. मात्र गच्च हवा भरून वैशाखाच्या उन्हात सायकल दुपारभर उभी करू नये. जुनी ट्यूब असेल तर तेवढ्यानेही फुटते.

आधी थुंकी, मग पाना

आता प्रत्यक्ष काम. हवा गेली म्हणजे पंक्चरच, असे धरून चालू नका. आपल्या साध्या सायकलीच्या वाल्वमध्ये रबराची एक बारीक नळी असते, वाल्व ट्यूब म्हणतात ती. ती उन्हाने तडकते आणि रात्रीतून हवा सुटते. हवा भरून वाल्वच्या तोंडावर थुंकी लावा. बुडबुडा आला तर नळी बदला, काम संपले. नळीचे दोन तुकडे कायम जवळ असावेत. शाळेच्या आवारात हवा सोडण्याची, वाल्व पळवण्याची पोरांची खोडी जुनीच आहे, तिलाही हाच उतारा.

बुडबुडा आला नाही तर टायर उघडायचा. त्यासाठी चाक काढायची गरज नाही. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. आधी चाक हळूहळू फिरवून काटा, खिळा दिसतो का बघा. दिसला तर लगेच उपटू नका, तिथे खडूने खूण करा. मग राहिलेली हवा पूर्ण सोडा, वाल्वची चकती काढा आणि वाल्वच्या समोरच्या बाजूने टायरची एक कड दोन पट्ट्यांनी रिमबाहेर काढा. पट्ट्या नसतील तर जाड चमच्यांचे दांडे चालतात. स्क्रू ड्रायव्हर नको. त्याने एक पंक्चर काढताना दुसरे होते.

ट्यूब बाहेर ओढून वाल्व बसवा, हवा भरा. घमेल्यात पाणी घेऊन थोडी-थोडी बुडवत न्या. बुडबुडे येतील तिथे बोट ठेवा आणि पेनाने मोठे गोल काढा, नाहीतर घासताना खूण पुसली जाते. एक भोक सापडले म्हणून थांबू नका, सगळी ट्यूब फिरवून बघा. रस्त्यात पाणी नसेल तर ट्यूब गालाजवळ किंवा ओठाजवळ धरा, हवेची बारीक झुळूक लागते.

भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर काटा निर्दोष आहे. स्पोकचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. टोक कानशीने घासा, पट्टी नीट बसवा. पट्टी नसेल तर जुन्या ट्यूबची लांब चिंधी कापून बांधली तरी चालते. आणि वाल्वच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर वेळ घालवू नका, तिथे ठिगळ टिकत नाही. नवी ट्यूब घ्या, पण माप बघून. मुलींच्या सायकली बहुधा २६ इंची असतात, जुन्या दांडीच्या सायकली २८ इंची. घाईत उलटसुलट ट्यूब आणली की ती चुण्या पडून नाहीतर ताणून फाटते.

ठिगळ सुटून येते त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच, ते म्हणजे घाई. जागा कोरडी करा. घासपेपरने ठिगळापेक्षा मोठी जागा खरखरीत होईपर्यंत घासा. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असते, भोक तिच्याजवळ असेल तर ती रेघ सपाट होईपर्यंत घासा, नाहीतर तिच्या कडेने हवा वाट काढते. सोल्युशनचा पातळ हात द्या. मग थांबा. ओल्यावर ठिगळ चिकटवायचा मोह सगळ्यांना होतो. पाचेक मिनिटे थांबा, चकाकी जाऊ द्या, बोटाला चिकटेल पण ओले लागणार नाही असे झाले की ठिगळ ठेवा आणि मधून कडांकडे दाबत न्या. विकतचे ठिगळ असेल तर चिकटायच्या बाजूला बोट लावू नका. जुन्या ट्यूबचा तुकडा असेल तर तोही घासून त्यालाही सोल्युशन लावा आणि त्याचे कोपरे गोल कापा. चौकोनी ठिगळ कोपऱ्यापासून उचलते. वरून खडूची भुकटी चोळा, म्हणजे ट्यूब टायरला चिकटणार नाही.

काटा अजून आतच आहे

सोल्युशन वाळेपर्यंतची पाच मिनिटे वाया घालवू नका. याच वेळात जे करायचे ते न केल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर होते आणि आपण मिस्त्रीला शिव्या देतो. ट्यूबला भोक पडले, पण ते पाडणारा टायरातच आहे. ट्यूब टायरशेजारी धरा. वाल्वपासून भोक जितके अंतर, तितक्याच अंतरावर टायरात वाल्वच्या दोन्ही बाजूंना बघा. मग फडके गुंडाळलेल्या बोटांनी टायरची सगळी आतली बाजू चाचपा. फडके अडकेल तिथे काटा. तो आतून बाहेर ढकला किंवा चिमट्याने ओढा. मोडलेला काटा सुईने उकरून काढावा लागतो, पायातला काढतात तसाच. टायरला आरपार चीर असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा घाला, मिस्त्री लोक त्याला गेटर म्हणतात. टायर बरेच झिजले आणि नवे घ्यायला पैसे नाहीत अशी वेळ असेल, तर जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तरासारखी फिरवा. सायकल किंचित जड चालते, पण सराटा ट्यूबपर्यंत पोचत नाही.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, वाल्व भोकात घाला आणि टायरची कड अंगठ्यांनी रिममध्ये ढकला. सुरुवात वाल्वच्या समोरून, शेवट वाल्वपाशी. शेवटची चार बोटे कड जड जाते, तिथे पट्टीचा मोह टाळा. हवा पुन्हा सोडून कड चारी बाजूंनी रिमच्या खोलगट भागात दाबली की अंगठ्याने जाते. वाल्व एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे त्याखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते. मगच पूर्ण हवा भरा.

जाता जाता एक गंमत. हवेचा टायर रूढ केला तो बेलफास्टच्या एका गुरांच्या डॉक्टराने. जॉन बॉइड डनलॉप त्याचे नाव. पोराच्या तीनचाकी सायकलीला हादरे बसू नयेत म्हणून त्याने हा उद्योग केला आणि १८८८ साली पेटंट घेतले. त्या वेळी टायर रिमला डिंकासारखा चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे कित्येक तास, आणि पुन्हा चिकटवून रात्रभर वाळवायचे. फ्रान्सच्या मिशलिन बंधूंनी ते हाल पाहिले आणि १८९१ साली काढता-घालता येणारा टायर आणला. तेव्हा आपण अंगठ्याने ढकलतो ती कडच मुळी पंक्चरपायी जन्माला आली.

वाटेत काहीच नसेल तर

बसलेल्या टायरवर चालवत जाऊ नका, अर्धा किलोमीटरही नाही. ट्यूब चुरगळून वाल्वपाशी फाटते, रिम वाकते आणि खर्च दहापट होतो. अंधार पडत आला आहे, गाव लांब आहे आणि पंप आहे पण सोल्युशन नाही, असे झाले तर भोकाची जागा शोधून ट्यूब तिथे दुमडा आणि सुतळीने किंवा चिंधीने आवळून बांधा. हवा थोडी कमी भरून सावकाश घरी जाता येते. पंपही नसेल तर टायरात वाळले गवत गच्च कोंबून जड माणसाने नाही, पण हलक्या पोराने हळूहळू वाट काढावी. हे घरी पोचण्यापुरते, दुसऱ्या दिवशीच्या शाळेसाठी नव्हे.

शाळांना मात्र एक गोष्ट सहज करता येईल. ज्या शाळेत वीस-तीस सायकली रोज येतात, तिथे एक पंप, एक घमेले, दोन पट्ट्या, घासपेपर आणि सोल्युशन एवढे सामान शिपायाच्या खोलीत ठेवायला मोठा ठराव लागत नाही. सोल्युशनची नळी एकदा उघडली की बूच लावूनही काही महिन्यांत आटते, म्हणून मोठी एक घेण्यापेक्षा लहान दोन-तीन घ्याव्यात. कार्यानुभवाच्या दोन तासिकांत आठवीच्या सगळ्या मुलींकडून एकेक पंक्चर काढून घ्यावे. सरांनी करून दाखवून भागणार नाही, मुलींचे हात काळे झाले पाहिजेत. शिकवायला फाट्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीलाच बोलवावे, तो आनंदाने येईल आणि चार पैसे मिळाले तर त्यालाही बरे. पंप घेताना पायाने दाबून धरायचा उभा पंप घ्यावा. सायकलीला अडकवायचा छोटा पंप दिसायला छान असतो, पण त्याने मागचा टायर कडक होईपर्यंत आठवीची पोर दमून जाते आणि अर्ध्या हवेवरच निघते.